पावसात शिवलेल्या बरफाच्या टोप्या

टोक नव्हतं.

सुई मोडली तवा कट् असा आवाज आला, बारीक, भातात खडा चावल्यावानी, आन माझ्या हातात मागची अर्धी सुई राहिली आन टोक नव्हतं. टोपीत बघितलं. टोपीच्या कानात बघितलं. अस्वलाचे कान होते, दोन, आत कापूस भरलेले, जाड. शेवटचा टाका घालून गाठ मारत होते तवा मोडली, मंजे टोक त्या कानातच असायला पायजे. चिमटून बघितलं, उलटी केली, झटकली. झटकली आन मग कळलं की झटकायला नको होती, कारण खाली चटईवर आरू होती, माझी मुलगी, नऊ महिन्यांची, आन तिच्या तोंडात काय तरी होतं.

टोपी तशीच टाकली, अर्ध्या सुईतनं धागा निसटला, आन तिच्या तोंडात बोट घातलं. ती चावली, रडली, उलटी आल्यासारखं केलं. निघाला तो धाग्याचा गुंता, लाळेनं भिजलेला. त्यात टोक नव्हतं. हिरड्या बघितल्या, जिभेखाली बघितलं, रक्त नव्हतं. तिला उचलून कडेवर घेतली तवा तिचा पाय लागला आन टोप्यांचा ढीग सांडला. सगळ्या करड्या, सगळ्या सारख्या. धाग्याच्या शेपट्या मी शेवटी एकदम कापते, म्हणून प्रत्येकीला शेपटी लोंबत होती. कुठल्या टोपीत सुई मोडली तेच मला सांगता येईना. पोर रडते, वरती पत्र्यावर पाऊस वाजतो, आन मी एका हातानं एकेक टोपीचा कान दाबत बसले, असं करून करून बोटं बधिर झाली.

ही गेल्या वर्षाची गोष्ट. आता परत श्रावण सरत आलाय आन परत टोप्या आल्यात. यंदा रंग निळा हाय आन कान सशाचे हायत, लांब. पोतं उघडलं तवा तोच वास आला, नवीन कापडाचा, औषधासारखा, आन मी आधी चटई गुंडाळून ठेवली.

आमच्याकडे पावसाळा असतो तवा त्यांच्या हिवाळ्याचं काम निघतं. मला आधी ते समजायचं नाय. घरात दोरीवर आरूची झबली तीन-तीन दिवस वाळत नाय, भिंतीला ओल, पिठाला जाळी धरते, आन आमी बोईसरच्या चाळीतल्या बाया दारात बसून बरफातल्या पोरांच्या टोप्या शिवतो. त्याच टायमाला डोंगरात माझी आय शेतात वाकलेली असते, पायाला चिखल्या, डोक्यावर प्लास्टिक. ती एकदा भाजी घेऊन आली होती, पहिल्या पावसातली शेवळं संपली होती तरी कुठून कुठून पाला खुडून आणलेला, आन हा ढीग बघून बोलली, "एवढ्या टोप्या. तिकडची पोरा टकली जन्मतात काय गं?" आमी सगळ्या हसलो. मग तिनं एक टोपी हातात घेतली, आरूच्या डोक्यावर धरली, लगेच काढली. बोलली, दुसऱ्याचा हाय, नको. पण कान दोन-तीनदा दाबून बघितले. मऊ हाय, बोलली.

मी सातवीपर्यंत शिकले. भूगोलात होतं की इकडं दिवस तवा तिकडं रात्र, तेवढं आठवतं. आरूचे पप्पा तारेच्या कंपनीत हायत, त्यांच्या तारेची बंडलं पण बाहेर जातात, समुद्रावरून. समोरच्या खोलीतला माणूस औषधाच्या पावडरचे ड्रम भरतो, ते पण जातात. इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या बाया सांगतात की चांगली कोळंबी आता बाजारात दिसतच नाय, बरफात घालून तिकडंच जाते. सगळं जातं. आमच्या चाळीच्या मागनं मोठे कंटेनर जातात तवा मांडणीतली भांडी थरथरतात. आरू लहान असताना त्या थरथरीनं झोपायची. मी म्हणायचे, बघ, तुझ्या टोप्या चालल्या.

आता नाय म्हणत.

टोप्या कंपनीत शिवून येतात. फक्त कान लावायचं काम घरी. हे कोणाला सांगायचं नाय, असं शालूताईनं पहिल्या दिवशीच सांगितलेलं. शालूताई मंजे काम वाटणारी बाई, रिक्षातनं पोती आणते, चार वाजता घेऊन जाते. ती पण आधी आमच्यासारखी कानच लावायची. कंपनी बघायला बाहेरचे पाहुणे येतात तवा त्यांना आतला हॉल दाखवतात, पंखे, डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या पोरी, पाण्याची मशीन. कान तिथंच लागतात असं त्यांना वाटतं. आमी कुठंच नसतो.

आन नियम. घरात सुकी मच्छी भाजायची नाय, वास लागतो. अगरबत्ती नाय. केसाला तेल लावून बसायचं नाय. बाजूच्या कंपनीचा तो सडक्या अंड्यासारखा वास संध्याकाळी येतो, तो चालतो काय, असं मी एकदा विचारलं तर शालूताई बोलली, "तो आपल्या हातात हाय काय? तू बोंबील बंद ठेव."

सगळ्यात मोठा नियम सुईचा. सुई मोडली तर सगळे तुकडे तिला द्यायचे. एक छापील कागद असतो, त्याच्यावर चिकटपट्टीनं तुकडे लावायचे, पुढं नाव, टायम. तुकडे जुळून अख्खी सुई व्हायला पायजे. एक कण जरी कमी पडला तर ते पोतंच परत, टोप्या फाडून बघणार, आन त्या चाळीला परत माल नाय. कारण तिकडं एका पोराला टोचलं तर सगळंच बंद. शालूताईनं हे हळू आवाजात सांगितलं होतं, देवाचं सांगतात तसं.

म्हणून सगळ्या बायांकडे काड्यापेटी असायची.

हे मला त्या दिवशी कळलं. मी रडत होते तवा बाजूची गुड्डीची मम्मी आली. ती उत्तरेकडची, पण चाळीत दहा-बारा वर्षं काढल्यामुळं अर्धं मराठी बोलते. तिनं विचारलं काय झालं, मी अर्धी सुई दाखवली. ती गेली आन काड्यापेटी घेऊन आली. उघडली तर आत कापसावर सुयांची टोकं. नुसती टोकं, दहा-वीस, कोणाची गंजलेली, कोणाची चकचकीत. घरचं फाटकं शिवताना चाळीत कोणाची पण सुई मोडली की तिचं टोक ती फेकू देत नाय, कापसावर ठेवते, असं करून साठवलेली. माझ्या सुईला एकेक लावून बघत होती, सोनार कसा जोड बघतो तसं. तिसरं लागलं. बोलली, "ये देख. पूरा हो गया."

मी बोलले, पण खरं टोक टोपीत असंल तर?

"मशीन है ना उधर. पकड़ लेगी. तू टेंशन मत ले."

कंपनीत मशीन होतं, पट्ट्यावरनं माल जातो, लोखंड असलं की वाजतं. मला ते पटलं. खरं सांगते, मला ते पटवून घ्यायचंच होतं. आन दुसरी गोष्ट पण सांगते, ती कोणाला सांगितली नाय. कागदावर ते दुसऱ्याचं टोक चिकटवताना मी मनातनं हात जोडले आन देवाला बोलले, माझं टोक पोत्यातच गेलेलं असू दे. माझ्या घरात नको. माझ्या चटईवर नको. जाऊ दे लांब.

चार वाजता शालूताई आली. कागद उजेडाला धरला, जोडावरनं नख फिरवलं. माझ्या छातीत असं वाजत होतं की आरूनं माझ्या तोंडाकडं बघितलं. शालूताई बोलली, "बरं झालं सापडलं. पोर असते खाली, सांभाळून शिवत जा." मी मान हलवली. तिनं पोतं उचललं, रिक्षात टाकलं, वरनं ताडपत्री ओढली. मी तेवढ्यात बोलू शकले असते. रिक्षा लगेच चालू झाली नव्हती, दोनदा किक मारायला लागली.

आरूचे पप्पा ड्युटीवरनं आले तवा त्यांना सांगितलं. त्यांनी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आन सगळी फरशी पुसून काढली त्यानं. कोपरे, चटई, मांडणीखाली. चुंबकाला केस उगवल्यासारखे झाले. ते तारेच्या कंपनीतनं येतात, बुटाच्या तळव्याला बारीक लोखंडाचा कीस चिकटून घरात येतो, रोजचा, मला ते माहीतच नव्हतं. मी रोज त्याच फरशीवर पोर सोडत होते. पेपरवर तो कीस काढला आन दोघं बोटानं एकेक कण बाजूला करत बसलो. हे असंल, ते असंल. टोक एवढंसं, तांदळाच्या कणीएवढं. कुठला कण टोक आन कुठला कंपनीचा, आमाला ठरवता आलं नाय.

मग पोर खाली ठेवायची बंद केली. पाच दिवस. कडेवर, पाठीला बांधून, झोळीत. चूल, धुणं, पाण्याची रांग, सगळं तिला घेऊन. ती तवा नुकती उभी राहायला शिकत होती, भिंतीला धरून. खाली सोड म्हणून पाय झाडायची. मी सोडत नव्हते. तिची शी मी काडीनं उकलून बघायची, लाज कसली. पोट दाबून बघायची, रडली की वाटायचं आलं वर, टोचलं. दूध पिताना थांबली तरी माझा जीव थांबायचा. ती नंतर उशिरा चालली. बाजूच्या बाया म्हणायच्या पोरगी आळशी हाय.

पाचव्या दिवशी राहवलं नाय, दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईला सांगितलं, टाचणी गिळली काय असं वाटतं. सुई नाय बोलले, तिथं पण भीती. त्यांनी फोटो काढायला पाठवलं. आरूला त्या गार फळीवर धरताना ती माझं बोट सोडत नव्हती. मग बाईनं तो काळा कागद दिव्यासमोर लावला. माझ्या पोरीच्या बरगड्या दिसल्या, बारीक, पांढऱ्या, मांदेलीच्या काट्यासारख्या. बाई बोलली, "काही नाही आत. अगदी स्वच्छ आहे. रडता कशाला आता?"

मी रडत होते आन हसत होते. बाहेर येऊन आरूला पहिल्यांदा खाली सोडली, दवाखान्याच्या ओल्या पायरीवर, आन ती माझ्या साडीला धरून उभी राहिली. आरूच्या पप्पांना फोन केला. ते बोलले, देव पावला. शेअर रिक्षात बसले, काळ्या कागदाची पिशवी मांडीवर, पोर पिशवी ओढत होती. स्टेशनजवळ ट्रॅफिकला रिक्षा थांबली आन तवा, त्या थांबलेल्या रिक्षात, माझ्या लक्षात आलं.

फरशीवर सापडलं नाय. पोरीत नाय. मंजे टोपीतच असंल.

घरी आल्यावर ह्यांना बोलले, मग ते कुठं हाय? त्यांनी बुटाचे तळवे पेपरवर झटकले. मग बोलले, "आपल्या घरात तर नाय ना." वाईट माणूस नाय तो. त्यांनी पण पाच दिवस नीट खाल्लं नव्हतं.

त्या टोप्या प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, एकेक. एक पिशवी आमच्याकडे चुकून आलेली. तिच्यावर कितीतरी भाषेत काय काय छापलेलं, आपली एक पण नाय, पण चित्र होतं, बाळाचं तोंड आन त्याच्यावर फुली. गुड्डी शाळेत इंग्रजी शिकते, तिनं वाचून सांगितलं की ही पिशवी बाळाजवळ ठेवू नका, गुदमरेल. पिशवीची पण किती काळजी. ती पिशवी मी घडी करून गादीखाली ठेवली होती आन मग मला तिच्यावर झोप येईना, म्हणून फेकून दिली.

आता मोबाईलवर मी बघते. तिकडच्या बाया आपल्या पोरांचे व्हिडिओ टाकतात, बरफात, लाल गाल, नाकाला पाणी. आमची करडी टोपी एकदा दिसल्यासारखी वाटली. का दुसरीच असंल. पोर ढकलगाडीत बसलेलं आन टोपीचा कान ओढून तोंडात घेत होतं. सगळीच पोरं कान चावतात. आरूनं पण चावला असता. ती आय हसत होती, कॅमेरा धरून, तिच्या भाषेत काय तरी लाडानं बोलत होती. मी ओरडले, काढ गं त्याच्या तोंडातनं. आरू दचकली. तो व्हिडिओ कधीचा, कुठला, काय माहीत नाय. मी खाली काय लिवू, कुठल्या भाषेत लिवू? अक्षरं जुळवून बघितली, नाय जमलं. आन जमलं असतं तर काय लिवलं असतं?

इथनं माल जायला रस्ता हाय. रुंद हाय, सिमेंटचा हाय, रोज मोठा होतोय. पण तिकडनं काय कळत नाय. कोणाला टोचलं काय, कोणी रडलं काय, का ते टोक कापसातच झोपलंय अजून. वर्ष झालं. शालूताईनं काय सांगितलं नाय, मी काय विचारलं नाय. काम परत आलं मंजे सगळं ठीक असंल, असं गुड्डीची मम्मी म्हणते. मला तसं वाटत नाय. मला वाटतं टोचलं असंल तरी तिकडच्या बायांना पण कळत नसंल कोणाकडं विचारायचं. त्या बाईला वाटत असंल टोपी मशीननं केलीय. माझं तोंड तिला कसं दिसणार.

यंदा मी हळू शिवते. सुई मोडायच्या आधीच बदलते. प्रत्येक टोपी माझ्या गालावर दाबते, मग मानेवर, जिथं कातडं पातळ असतं तिथं. शालूताई टोचून बोलते, "बाकीच्यांचं पोतं झालं, तुझं अजून लाड चाललेत काय?" मी हसते. बाकीच्या बायांच्या काड्यापेट्या तशाच हायत. मी कोणाला काय बोलत नाय. बोलायचं तोंड मी तवाच घालवलं.

आन ते तवाच मंजे कवा, ते सांगते, कारण तेच माझ्या डोक्यातनं जात नाय.

फोटो काढून आणला त्याच संध्याकाळी शालूताईचा फोन आला होता, दुसऱ्या कामाचा. बोलता बोलता मी विचारलं, आमच्या टोप्या गेल्या काय. ती बोलली, नाय, उद्या सकाळी भरतात, पावसामुळं अडकल्यात, ते लोखंड पकडायचं मशीन पण बंद पडलंय, तशाच भरणार आता. किती सहज बोलली. मी फोन हातात धरून बसले. गुड्डीची मम्मी दारात होती, तिला माझ्या तोंडावरनं कळलं. आत येऊन ती माझ्याजवळ बसली. तिच्या नवऱ्याचा हात कंपनीत भाजलाय, तो घरीच असतो, पंजा मिटत नाय त्याचा. ती रागानं नाय बोलली. हळूच बोलली, "तू बोलशील तर कंपनीवाले सुयांचे जुने कागद सगळे काढणार. माझ्या हातची टोकं हायत सगळ्यांवर. बोल, तुला बोलायचं तर. मी अडवत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. आरूला कडेवर घेतली, छत्री घेतली, चालत गेले, प्लॉट नंबर बघत बघत. गटारातनं निळं पाणी वाहत होतं. गेटच्या आत कंटेनर उभा होता, मागची दारं सताड उघडी, आत खोकी लावत होते, छतापर्यंत. त्यातल्याच कुठल्या तरी खोक्यात माझ्या पोत्यातल्या टोप्या. अजून दोन-तीन रांगा बाकी होत्या. वॉचमननं विचारलं, "किससे मिलना है?"

शालूताईचं नाव घेतलं की घरच्या कामाचं निघणार, तिचं काम जाणार. नाव नाय घेतलं तर मला आत कोण सोडणार. आन आत जाऊन काय सांगणार, सगळी खोकी उतरवा, सगळ्या टोप्या फाडा, कुठली ती मला माहीत नाय. चाळीतल्या सगळ्या बाया डोळ्यासमोर आल्या, त्या मिटत नसलेल्या पंजाचा माणूस आला. आन कोण तरी बाई, जिचं मला नाव माहीत नाय, गाव माहीत नाय, तिच्या कडेवर पण असंच एक, माझ्या आरूएवढं, गरम, जड, खांद्यावर लाळ गाळणारं.

वॉचमननं परत विचारलं. मी बोलले, कोणाला नाय, पावसाची उभी हाय.

त्यानं पत्र्याखाली जागा दिली. चांगला माणूस होता, आरूला बघून टाळी वाजवली. मी तिथंच उभी राहिले. शेवटची रांग लागली, दारं लावली, एकानं दांड्याला सील ठोकलं. मग पाऊस थांबला, आन मला तिथं उभं राहायला कारण उरलं नाय.

मी जास्त शिकलेली नाय. तुमी वाचणारे, शिकलेले, तुमाला चार गोष्टी जास्त कळत असतील. म्हणून विचारते, आन मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका. पोर तुमच्या कडेवर हाय, तिच्या पोटात काय नाय हे तुमाला कालच कळलंय. दारं अजून उघडी हायत. तो माणूस विचारतोय, कोणाला भेटायचंय. तुमी काय सांगितलं असतं?